फ्लाइंग क्लबची हवाई शर्यत: भरवावी का, आणि भरवायची तर कशी

क्लबात शर्यतीचा विषय निघाला की चर्चा लगेच विमाने, पैसे आणि तारीख यांकडे वळते. त्याआधी एका कागदावर उत्तर लिहून काढा: ही शर्यत उडणाऱ्यांसाठी आहे की बघणाऱ्यांसाठी? दोन्हींसाठी असे उत्तर आले, तरी वाद होईल तेव्हा शब्द कुणाचा चालणार, हे तिथेच ठरवा. मार्ग, उंची, शेवटची रेषा, विमा, अगदी खुर्च्या कुठे मांडायच्या हेही त्या उत्तरावर ठरते. आमचे मत आधीच सांगतो. शर्यत हौशी विमानोड्डाणाला नक्की उपयोगी पडते, पण गर्दी खेचण्यासाठी आखलेली शर्यत क्वचितच.

पायलॉनभोवतीच्या, म्हणजे मार्गावर उभ्या केलेल्या खांबांना वळसे घालण्याच्या, शर्यतीने साध्या विमानांना काही दिलेच नाही, असे नाही. स्टीव्ह विटमन हा अमेरिकी शर्यतपटू पोलादी पट्टीच्या स्प्रिंगसारखे लवणारे लँडिंग गिअर वापरत असे. पुढे सेस्ना कंपनीने ती रचना आपल्या लहान विमानांवर घेतली आणि हजारो शिकाऊ वैमानिक त्यावर आदळत-आपटत उतरायला शिकले. १९४७ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडला छोट्या इंजिनांच्या विमानांचा गट सुरू झाला. आजचा फॉर्म्युला वन गट त्याचाच वारस. नियम मुद्दाम आखडते ठेवलेले: कॉन्टिनेंटल ओ-२०० हे १०० अश्वशक्तीचे इंजिन, न बदलणाऱ्या कोनाचा प्रोपेलर, स्थिर चाके, पंखाचे क्षेत्रफळ किमान ६६ चौरस फूट, रिकामे वजन किमान ५०० पौंड. शिकाऊ विमानांत असते तेच इंजिन घेऊन ही विमाने ताशी २५० मैलांच्या पुढे जातात. घर्षण कमी करण्याबद्दल घरी विमान बांधणाऱ्यांना जे कळले, त्यातले बरेच या लोकांकडून आले.

पण लक्षात घ्या, हा फायदा विमान बांधणाऱ्यांमुळे आणि उडवणाऱ्यांमुळे झाला. त्यासाठी तिकीट काढून आलेल्या गर्दीची गरज नव्हती. प्रायोजकांच्या पैशावरच्या मोठ्या मालिकांचे उदाहरण घ्या. रेड बुल एअर रेस २००३ साली सुरू झाली आणि २०१९ साली बंद पडली. कौशल्य अव्वल होते, पण मैदानातल्या माणसाला तिथून स्वतःच्या पहिल्या उड्डाणापर्यंत नेणारी एकही पायरी नव्हती. मूठभर वैमानिक, कसरतीची खास विमाने, शहराच्या पाण्यावर उभे केलेले फुगवलेले खांब. प्रायोजक निघून गेला की मागे काही उरत नाही.

कोणता प्रकार निवडायचा

क्लबाच्या आवाक्यातले तीन प्रकार आहेत. चौथा, म्हणजे पायलॉनभोवती एकाच वेळी सहा-आठ विमानांची झुंबड, डोक्यातून काढून टाका. त्याला वेगळे प्रशिक्षण, स्वतंत्र परवानगी आणि आजूबाजूला रिकामा प्रदेश लागतो.

पहिला प्रकार हँडिकॅप शर्यत. ब्रिटनमधली किंग्ज कप शर्यत १९२२ पासून याच धर्तीची. हळू विमान आधी सुटते, वेगवान शेवटी, आणि हिशेब अचूक असेल तर सगळी जवळपास एकदम पोहोचतात. दुसरा प्रकार लांब पल्ल्याचा. प्रत्येक विमानाला हँडिकॅप वेग ठरवून दिलेला असतो आणि त्या वेगापेक्षा सरासरी जो सर्वांत जास्त काढेल तो जिंकतो. अमेरिकेत महिला वैमानिकांची एअर रेस क्लासिक अशी चालते. तिची मुळे १९२९ च्या सांता मोनिका ते क्लीव्हलँड शर्यतीत आहेत. यात जुने, हळू विमानसुद्धा जिंकू शकते, कारण वारा कोणत्या उंचीवर अनुकूल आहे हे ओळखण्याला इथे इंजिनाइतकेच वजन आहे. तिसरा प्रकार अचूकतेचा. आपली वेळ आधी जाहीर करायची आणि प्रत्येक बिंदूवर त्या सेकंदाला पोहोचायचे. एफएआय या हवाई खेळांच्या जागतिक संघटनेच्या अचूक उड्डाण स्पर्धांत २ सेकंदांपर्यंतची चूक माफ असते, पुढच्या प्रत्येक सेकंदाला ३ दंडगुण.

पहिल्यांदाच भरवत असाल तर तिसऱ्या प्रकाराने सुरुवात करा आणि दुसऱ्या वर्षी पहिला किंवा दुसरा जोडा. अचूकतेच्या स्पर्धेत इंजिन पिळून काढावे लागत नाही, विमा कंपनीही कमी बिचकते, आणि नुकताच परवाना मिळालेला वैमानिक अनुभवी माणसाला हरवू शकतो. शिवाय शेजारच्या सीटवर नकाशा आणि स्टॉपवॉच घेऊन बसायला माणूस लागतो आणि त्याला परवान्याची गरज नसते. नवीन माणसे क्लबात येतात ती याच सीटवरून.

मार्ग

एकूण अंतर ५० ते ७० नॉटिकल मैल, चार किंवा पाच टप्पे, कोणताही टप्पा ८ मैलांपेक्षा लहान नको. टप्पे लहान ठेवले की वैमानिक सतत वळणातच राहतो, बाहेर बघायचे राहून जाते आणि विमाने एकमेकांच्या जवळ येतात. वळणबिंदू म्हणून हवेतून चटकन ओळखू येईल अशी खूण घ्या: नदीचा संगम, धरणाची भिंत, रेल्वेचा फाटा, एकटी उभी पाण्याची टाकी. मोबाइल टॉवर घेऊ नका. ताणतारा दिसत नाहीत आणि सगळे टॉवर एकसारखे असतात.

उंची जमिनीपासून १,००० फूट ठेवा. ५०० फुटांवर वेग जास्त भासतो आणि फोटो चांगले येतात, पण इंजिन बंद पडले तर काय, हा हिशेब करा. साधारण विमान १ फूट खाली येताना ९ फूट पुढे जाते. १,००० फुटांवरून वारा नसताना सुमारे २.७ किलोमीटर मिळतात. धक्क्यातून सावरणे, वेग जुळवणे आणि वळणे यात त्यातला तिसरा हिस्सा सहज जातो. ५०० फुटांवर उरते ती समोर दिसेल त्या शेतात उतरण्यापुरती सवड. म्हणून मार्ग आखताना प्रत्येक टप्प्यावर दोन्ही बाजूंना उतरण्याजोगी जागा आहे का, हे आधी एका साध्या उड्डाणात पाहून नकाशावर हिरव्या पेनाने खुणा करा. ज्या टप्प्यावर हिरवे काहीच नाही, तो टप्पा बदला. गावे, शाळा, कुक्कुटपालन केंद्रे आणि घोड्यांचे तबेले यांपासून किमान एक मैल बाजूने जा. आवाजाच्या तक्रारींमुळे शर्यतीचे पुढचे वर्ष बुडते आणि कधी कधी धावपट्टीही जाते.

बिंदूला वळसा घातला की नाही, हे ठरवायला तिथे माणूस बसवण्याची गरज उरलेली नाही. प्रत्येक वळणबिंदूवरून बाहेरच्या बाजूला, येणाऱ्या आणि जाणाऱ्या टप्प्यांमधला कोन दुभागणारी १ मैल लांब रेषा नकाशावर काढा. जीपीएस लॉगरच्या नोंदीने ती रेषा ओलांडलेली दिसली पाहिजे. लॉगर दर सेकंदाला नोंद करणारा हवा. ५ सेकंदांच्या नोंदीत १२० नॉटचे विमान ३०० मीटर पुढे गेलेले असते आणि वाद तिथेच सुरू होतो. प्रत्येक विमानात दोन लॉगर ठेवा, वेगवेगळ्या बॅटरीवर. आत कापल्याबद्दल सरळ बाद करू नका, ठराविक दंड द्या. ६० सेकंद पुरेत. बाद होण्याच्या भीतीने लोक शेवटच्या क्षणी विमान जोरात वळवतात.

हँडिकॅप: सगळी भांडणे इथली

कंपनीच्या पुस्तकातला वेग घेऊ नका. वीस वर्षे उडालेल्या विमानाचा रंग खडबडीत झालेला असतो, चाकांवरची आवरणे काढून ठेवलेली असतात, प्रोपेलर घासून पुन्हा आकाराला आणलेला असतो. प्रत्येक विमानाची चाचणी घ्या आणि तीही शर्यतीच्याच उंचीवर, पूर्ण थ्रॉटलवर, शर्यतीतल्या वजनाने.

चाचणी अशी. वारा १० नॉटपेक्षा कमी असलेली शांत सकाळ निवडा. वेग स्थिर होईपर्यंत २ ते ३ मिनिटे थांबा. मग होकायंत्रावर उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम या चार दिशा धरून प्रत्येकी २ मिनिटे उडा आणि जीपीएसवरचा जमिनीसापेक्ष वेग नोंदवा. चार आकड्यांची सरासरी म्हणजे विमानाचा खरा वेग. १०० नॉटचे विमान आणि १० नॉट वारा असताना या पद्धतीत चूक येते ती जेमतेम पाव नॉटची. विमानात क्लबाचा निरीक्षक बसलाच पाहिजे आणि त्याची नजर थ्रॉटलवर, आरपीएमवर आणि कार्ब्युरेटर हीटच्या (इंजिनाला गरम हवा देणाऱ्या) दांड्यावर हवी. दांडा अर्धा ओढलेला असला की विमान काही नॉट हळू होते आणि शर्यतीच्या दिवशी अचानक वेगवान. ही युक्ती फार जुनी आहे. फ्लॅप थोडे खाली, हवा-इंधनाचे मिश्रण गरजेपेक्षा समृद्ध, टाकीत जास्तीचे इंधन, हेही पाहायचे.

तरीही कुणी वेग लपवलाच, तर त्यावर उपाय एकच: जाहीर हँडिकॅप वेगापेक्षा दीड टक्क्याहून जास्त वेगाने मार्ग पूर्ण केला तर निकालात नाव नाही. हा नियम प्रवेशपत्रावरच मोठ्या अक्षरांत छापा.

आता आकडे. ६० नॉटिकल मैलांच्या मार्गाला वारा नसताना ९५ नॉटच्या विमानाला ३७ मिनिटे ५४ सेकंद लागतात, ११० नॉटच्या विमानाला ३२:४४, १४० ला २५:४३ आणि १६० ला २२:३०. सर्वांत हळू विमान शून्यावर सुटले तर बाकीची अनुक्रमे ५:१०, १२:११ आणि १५:२४ नंतर सुटतील.

इथपर्यंत सगळेच येतात, आणि चुकतात ते वाऱ्यात. हाच मार्ग ३० मैल जाऊन ३० मैल परत असा धरा आणि त्या रेषेत २० नॉट वारा आहे असे माना. ९५ नॉटचे विमान जाताना ११५ आणि येताना ७५ नॉटने जमीन कापते. एकूण ३९:३९, म्हणजे १ मिनिट ४५ सेकंद तोटा. १६० नॉटच्या विमानाला लागतात २२:५१, तोटा फक्त २१ सेकंदांचा. बंद मार्गावर वारा सगळ्यांचेच नुकसान करतो, पण हळू विमानाचे कितीतरी जास्त, कारण ते वाऱ्याविरुद्ध जास्त वेळ अडकून पडते. शांत हवेचे हँडिकॅप तसेच वापरले तर जोराच्या वाऱ्यात शर्यत सुरू होण्याआधीच हळू विमाने हरलेली असतात. पुढच्या वर्षी ती येत नाहीत. आणि तीच तर साध्या सभासदांची विमाने असतात.

म्हणून शर्यतीच्या सकाळी प्रत्येक टप्प्यासाठी वारा धरून वेळा नव्याने काढा. स्प्रेडशीटला हे काम दोन मिनिटांचे आहे. वारा जमिनीवरचा घेऊ नका, १,००० फुटांवरचा घ्या. तो बहुतेक वेळा जोराचा असतो आणि दिशाही थोडी वेगळी असते. ब्रीफिंगच्या तासभर आधी एक विमान मार्गावर पाठवून वारा मोजून आणणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. सुरुवात उडती ठेवा: धावपट्टीवरून झेंडा दाखवून सोडण्याऐवजी ठरलेल्या वेळेला सुरुवातीची रेषा १,००० फुटांवर ओलांडायची. टेकऑफ आणि चढाईतला फरक हँडिकॅपमध्ये बसवणे कटकटीचे असते, आणि धावपट्टीवर तापलेली इंजिने घेऊन रांगेत उभी असलेली विमाने कुणालाच नको असतात.

शेवटची रेषा

हँडिकॅपचा हिशेब जितका अचूक, तितकी शर्यत धोक्याची, ही या खेळातली खरी अडचण. सगळे बरोबर जमले तर ९५ नॉटचे आणि १६० नॉटचे विमान एकाच सेकंदाला, एकाच उंचीवर, एकाच बिंदूवर येतात. मागचे विमान ६५ नॉटने जवळ येत असते. पुढच्याला ते दिसत नाही. मागच्याची नजर रेषेवर असते. बघणाऱ्याला हवा असलेला क्षण नेमका हाच.

हौशी वैमानिकांसाठी आम्ही सुचवतो तो क्रम उलटा. वेगवान विमान आधी सोडा, मग उतरत्या वेगाने बाकीची, प्रत्येकी किमान २ मिनिटांच्या अंतराने. कुणी कुणाला ओलांडत नाही, विमानांमधले अंतर वाढतच जाते, आणि निकाल कागदावर लागतो: कोणी आपल्या हँडिकॅप वेळेपेक्षा किती कमी वेळ घेतला. चुरस कमी होत नाही, फक्त ती आकाशात दिसत नाही. ती दाखवायची असेल तर ट्रॅकरवरून प्रत्येकाची हँडिकॅपनुसार फिरवलेली जागा मोठ्या पडद्यावर टाका. पडद्यावर विमाने एकमेकांना मागे टाकताना दिसतात, हवेत ती मैलभर लांब असतात.

परंपरागत पद्धतीनेच करायचे असेल, तर शेवटची रेषा धावपट्टीवर ठेवू नका. ती मैदानापासून ५ मैल अलीकडे ठेवा. रेषा ओलांडल्यावर थ्रॉटल मागे, सरळ पुढे, आणि नेहमीच्या पद्धतीने सर्किटमध्ये (उतरण्यासाठी मैदानाभोवती घालायच्या फेरीत) प्रवेश. वेगवान गटाला १,३०० आणि हळू गटाला ८०० फूट उंची द्या. मागे टाकणाऱ्याने उजवीकडून, किमान १५० मीटर बाजूने जायचे आणि पुढचे विमान नजरेआड झाले तर तात्काळ बाहेर वळून वर जायचे. पुढच्याने आपली रेषा सोडायची नाही. बरोबर मागे आणि थोडे खाली राहू नका, पुढच्या विमानाच्या पंखटोकांचे भोवरे तिथेच उतरतात.

रेषेवर शेवटचा सूर मारण्याला सक्त बंदी हवी. २०० फूट खाली येऊन मिळतात दोन-तीन सेकंद. त्या बदल्यात विमान खडबडीत हवेत वेगमापकाच्या पिवळ्या पट्ट्यात शिरते, आणि तो पट्टा फक्त शांत हवेसाठी असतो. लॉगरमध्ये उंचीची नोंद असतेच. ठरलेल्या उंचीच्या १०० फूट खाली गेल्यास दंड ठेवला की सवय मोडते.

शर्यत संपल्यावर सैलावलेले मन हा वेगळा धोका. १७ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेतल्या रीनो येथे टी-६ या जुन्या लष्करी प्रशिक्षण विमानांच्या गटाची शर्यत संपल्यानंतर उतरण्याच्या वेळी दोन विमाने धडकली आणि दोन्ही वैमानिक गेले. रीनोत १९६४ पासून चालत आलेल्या शर्यतींचा तो शेवटचा दिवस ठरला. ब्रीफिंगमध्ये मार्गाला जितका वेळ द्याल तितकाच उतरण्याला द्या: कोण कोणामागे, अंतर किती, दोन विमाने एकाच वेळी फायनलवर (धावपट्टीकडे येणाऱ्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) दिसली तर कोण पुन्हा वर जाणार.

प्रेक्षक कुठे

१६ सप्टेंबर २०११ रोजी रीनोलाच ‘गॅलपिंग घोस्ट’ हे बरेच बदल केलेले पी-५१ मस्टँग (दुसऱ्या महायुद्धातले लढाऊ विमान) प्रेक्षकांच्या खुर्च्यांसमोर कोसळले. वैमानिक आणि १० प्रेक्षक ठार झाले, ६० हून अधिक जखमी. चौकशीत आढळले ते असे: एलिव्हेटरच्या (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पृष्ठभागाच्या) ट्रिम टॅब या छोट्या पट्टीचे लॉकनट झिजलेले होते, स्क्रू सैल झाले, टॅब फडफडून तुटला आणि विमान वैमानिकाच्या हाताबाहेर गेले. विमानात केलेल्या मोठ्या बदलांची नीट चाचणी आणि नोंद झालेली नव्हती. त्याआधी १९४९ मध्ये क्लीव्हलँडला शर्यतीतले मस्टँग वस्तीतल्या घरावर पडले. आई आणि मूल गेले. दोन्ही वेळा विमान मार्गाबाहेर फेकले गेले आणि लोक तिथे होते.

अंतर ठरवताना अंदाजापेक्षा गणित बरे. १२० नॉटने ५०० फुटांवर उडणाऱ्या विमानातून काही सुटले, तर ते जमिनीवर यायला साडेपाच सेकंद लागतात आणि हवेचा अडथळा सोडून दिला तर ते ३४० मीटर पुढे जाते. २४० नॉटला जवळपास ७०० मीटर. म्हणजे प्रेक्षकांच्या दिशेने रोखलेला कोणताही टप्पा चालत नाही, मग तो कितीही लांब संपत असो. उडण्याची रेषा गर्दीला समांतर ठेवा आणि वळण नेहमी गर्दीपासून दूर जाणारे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला माणूस नको, कारण ताबा सुटलेले विमान तिकडेच जाते. अमेरिकेत एअर शोच्या कसरतींसाठी विमानाच्या वेगानुसार ५००, १,००० आणि १,५०० फूट अशी अंतरे आहेत. क्लबाच्या लहान विमानांनीही १,००० फुटांच्या आत येऊ नये, असे आम्ही म्हणू. वाहनतळ आणि खाण्याचे स्टॉलही याच हिशेबात धरा. खुर्च्या नियमानुसार मांडतात आणि गाड्या वळणाच्या टोकाखाली उभ्या करतात.

नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना), नियामकाची परवानगी, रुग्णवाहिका, अग्निशमन, हे सगळे लागतेच. विम्याचे मात्र वेगळे बघा. अनेक विमान विम्यांत शर्यत आणि वेगाची स्पर्धा वगळलेली असते. एजंटच्या तोंडी होकाराला काही किंमत नाही. त्या उड्डाणाला विमा लागू आहे असे पत्र प्रत्येक विमानमालकाकडून घ्या. पत्र नसेल तर प्रवेश नाही.

विमान आणि वळण

पूर्ण थ्रॉटलवर अर्धा तास हा बहुतेक हौशी इंजिनांना नवीन अनुभव असतो. इंधन नेहमीच्या प्रवासी वेगातल्या खपाच्या दीडपट ते दुप्पट जाते, कारण शक्तीही जास्त आणि मिश्रणही समृद्ध ठेवावे लागते. टाकीचा हिशेब पुस्तकातल्या पूर्ण शक्तीच्या आकड्याने करा आणि उतरताना ४५ मिनिटांचे इंधन उरले पाहिजे. थोडा वेग मिळावा म्हणून मिश्रण पातळ करण्याचा मोह आवरा. सिलिंडर-हेडचे तापमान आधी चढते, मग डेटोनेशन (सिलिंडरमध्ये इंधनाचा अनियंत्रित स्फोट), मग पिस्टनला भोक. लायकॉमिंगच्या बऱ्याच इंजिनांची लाल रेषा ५०० अंश फॅरनहाइट असते, पण ४३० च्या पुढे जाऊ लागले की थ्रॉटल मागे घ्या, शर्यत गेली तरी चालेल.

वेगासाठी अश्वशक्ती विकत घेणे हा सर्वांत महाग मार्ग आहे. वेग १० टक्के वाढवायला शक्ती ३३ टक्के जास्त लागते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यापेक्षा इंजिनाभोवतीच्या बॅफलच्या (थंड हवा सिलिंडरांकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या) रबरी पट्ट्या तपासा. त्या उलट्या दुमडल्या असतील तर हवा सिलिंडरांमधून न जाता वरून निसटते आणि तापमान व घर्षण दोन्ही वाढतात. चाकांची आवरणे बसवा, एलेरॉनच्या फटी उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच बंद करा, पंखाच्या पुढच्या कडेवरचे किडे पुसा. शर्यतीनंतरही उपयोगी पडते ती हीच कामे, वर्षभर इंधन वाचवणारी. फटी बंद करणे किंवा नियंत्रण पृष्ठभागाला रंग देणे ही मात्र निरुपद्रवी कामे नाहीत. त्याने वजनाचा समतोल बदलतो आणि फडफड सुरू होणारा वेग खाली येतो. तंत्रज्ञाची सही घ्या. त्याच तपासणीत ट्रिम टॅबचा खेळ बोटांनी हलवून बघा आणि जुने लॉकनट पुन्हा वापरलेले नाहीत याची खात्री करा.

वळणात किती झुकायचे? १२० नॉटला ३० अंश झुकून १२० अंशांचे वळण पूर्ण व्हायला सुमारे २३ सेकंद लागतात, ४५ अंशांना १३, ६० अंशांना साडेसात. ४५ वरून ६० वर जाऊन साडेपाच सेकंद वाचल्यासारखे दिसतात, पण त्यासाठी २ जी ओढावे लागते, घर्षण वाढून वेग पडतो आणि तो परत मिळवताना निम्मी बचत संपते. शिवाय ६० अंशांवर नाक नकळत खाली जाते. फक्त ५ अंश गेले तरी साडेसात सेकंदांत विमान सुमारे १३० फूट खाली येते आणि वैमानिकाची नजर तेव्हा वळणबिंदूवर असते, क्षितिजावर नसते. म्हणून मर्यादा ४५ अंशांची ठेवा. या झुकाव्यात १२० नॉटला वळणाची त्रिज्या ३९० मीटर येते, १६० नॉटला जवळपास ७००. विमान बिंदूच्या बरोबर वर आल्यावर वळायला सुरुवात केली तर विमान बाहेर फेकले जाते. थोडे बाहेरून या, बिंदूच्या आधी वळायला लागा आणि वळणाच्या मध्यावर बिंदू आतल्या पंखाच्या टोकाशी दिसला पाहिजे.

वैमानिकासाठी किमान अट १०० तास मुख्य वैमानिक म्हणून आणि गेल्या ९० दिवसांत त्याच विमानावर १० तास. दृश्यमानता ८ किलोमीटरच्या खाली, ढग २,००० फुटांच्या खाली किंवा आडवा वारा सर्वांत हलक्या विमानाच्या मर्यादेबाहेर गेला तर शर्यत नाही. हा निर्णय घेणारी व्यक्ती स्पर्धक नसावी, प्रायोजकाशी बोलणारीही नसावी.

उपयोग झाला की नाही

किती लोक आले, हा आकडा दिशाभूल करतो. त्याऐवजी त्या दिवशी मैदानाच्या दारातच एक टेबल ठेवा आणि पुढच्या चार आठवड्यांतल्या परिचय उड्डाणांच्या रिकाम्या जागांसाठी नावे तिथे लिहून घ्या. उतरलेली विमाने दोरीआड न ठेवता प्रोपेलर थांबल्यावर, इंजिन थंड झाल्यावर लोकांना जवळ येऊ द्या. मूल सीटवर बसले की पालक प्रश्न विचारतात. निरीक्षक, वेळ नोंदवणारे, लॉगर वाटणारे, या कामांना गावातली बिगरवैमानिक माणसे घ्या.

नंतर चार आकडे ठेवा: परिचय उड्डाणे किती झाली, त्यातले तीन महिन्यांनी किती शिकत आहेत, आधी फक्त रविवारी मैदानाभोवती चकरा मारणारे किती सभासद शर्यतीनंतर लांब उड्डाणांना निघाले, आणि आवाजाच्या किती तक्रारी आल्या. पहिले तीन वाढले आणि चौथा वाढला नाही, तर पुढच्या वर्षाची तारीख ठरवा. गर्दी भरपूर आणि पहिले तीन आकडे जागच्या जागी असतील, तर प्रायोजकाचा आग्रह असला तरी प्रेक्षकांचा भाग काढून टाका आणि तीच शर्यत क्लबापुरती चालू ठेवा.